नाशिकच्या कुटुंब न्यायालयातील कागदपत्रे आणि नकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोटाचा हुकूमनामा, पोटगीचा आदेश किंवा मुलाच्या ताब्याचा निकाल यांची खरी गरज बहुधा निकालानंतर बऱ्याच वर्षांनी पडते. पुनर्विवाहाची नोंदणी, कुटुंब निवृत्तिवेतन, मुलाचा शाळाप्रवेश, घराच्या कर्जाची कागदपत्रे, परदेशाचा व्हिसा अशा वेळी कोणीतरी ‘सही-शिक्क्याची नक्कल आणा’ म्हणते आणि घरात सापडते ती पुसट झालेली झेरॉक्स. नक्कल मिळवण्याची पद्धत फारशी अवघड नाही. अडते ते त्याआधी, कारण प्रकरण कोणत्या न्यायालयात चालले, कोणत्या क्रमांकाखाली चालले आणि त्यातला नेमका कोणता कागद हवा आहे, हे बहुतेकांना सांगता येत नाही. पुढील उत्तरांत म्हणूनच या तीन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

कुटुंब न्यायालयात कोणती प्रकरणे चालतात?

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ नुसार घटस्फोट, विवाह शून्य ठरवणे, न्यायिक फारकत, वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना, विवाहाची वैधता व वैवाहिक दर्जा, पती-पत्नीच्या मालमत्तेचे वाद, वैवाहिक संबंधातून उद्भवलेले मनाई हुकूम, अपत्याचे औरसपण, पोटगी आणि अज्ञान मुलांचे पालकत्व व ताबा हे विषय या न्यायालयाकडे येतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होणारे पोटगीचे अर्जही या न्यायालयाच्या हद्दीत याच न्यायालयापुढे चालतात.

कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खालील अर्ज मात्र सामान्यतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल होतो आणि छळाचा फौजदारी खटलाही तिकडेच चालतो. एकाच दांपत्याची तीन-चार प्रकरणे निरनिराळ्या न्यायालयांत असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. पोटगीचा आदेश हवा असेल तर तो कोणत्या कायद्याखाली झाला होता, हे आधी आठवावे.

माझे प्रकरण नाशिकच्या कुटुंब न्यायालयातच झाले असेल, हे कसे ठरवावे?

पक्षकार नाशिकचे आहेत एवढ्यावरून ते ठरत नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ नुसार विवाह जेथे लागला, जाबदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) जेथे राहतो, पती-पत्नी शेवटचे जेथे एकत्र राहिले, त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. आणि पत्नी अर्जदार असेल तर ती जेथे राहते तेथेही करता येतो. लग्न नाशिकला झाले, संसार सिडकोत झाला, परंतु पत्नीने माहेरी जळगावला, धुळ्याला किंवा पुण्याला राहून अर्ज केला असेल, तर कागदपत्रे त्या गावी असतील. शिवाय उच्च न्यायालयाच्या किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रकरण मध्येच दुसऱ्या गावी वर्ग झालेले असू शकते. तशा वेळी नाशिकच्या नोंदीत ते ‘वर्ग’ म्हणून दिसते आणि निकाल दुसरीकडे असतो.

जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे गणित वेगळे आहे. कुटुंब न्यायालयाची स्थानिक हद्द शासनाच्या अधिसूचनेने ठरते आणि तिच्या बाहेरील वैवाहिक अर्ज दिवाणी न्यायालयांत, बहुधा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे, चालतात. मालेगाव, निफाड, सिन्नर, येवला अशा ठिकाणच्या न्यायालयांत झालेल्या निकालाची नक्कल तेथेच मागावी लागते. ‘जिल्ह्याचे ठिकाण नाशिक आहे, म्हणजे सगळे नाशिकला मिळेल’ हा समज चुकीचा आहे. देवळाली कॅम्पसारख्या शहराला लागून असलेल्या भागांबाबत पत्त्यावरून अंदाज न बांधता जुन्या समन्सवर किंवा नोटिशीवर न्यायालयाचे जे नाव छापलेले असते, ते प्रमाण मानावे.

नाशिकमध्ये कुटुंब न्यायालय सुरू होण्यापूर्वीचा घटस्फोट असेल तर?

कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम ८ नुसार कुटुंब न्यायालय स्थापन होताना प्रलंबित असलेली प्रकरणे त्याच्याकडे वर्ग झाली. त्याआधी निकाली निघालेली प्रकरणे मात्र ज्या दिवाणी किंवा जिल्हा न्यायालयाने निकाल दिला, त्याच्या अभिलेख कक्षात शोधावी लागतात. जुन्या निकालावर वरच्या कोपऱ्यात न्यायालयाचे नाव आणि ‘हिंदू विवाह अर्ज क्रमांक’ असा उल्लेख आढळतो. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात नुसते ‘नक्कल विभाग कोठे आहे?’ असे विचारल्यास जिल्हा न्यायालयाचा विभाग दाखवला जाण्याचा संभव अधिक. कुटुंब न्यायालयाचे कार्यालय हे वेगळे कार्यालय आहे, त्यामुळे ‘फॅमिली कोर्टाचे नक्कलेचे काम कोठे चालते?’ असा स्पष्ट प्रश्न करावा.

प्रकरण क्रमांक ठाऊक नाही. तो कसा शोधावा?

प्रथम घरातले कागद पाहावेत. समन्स, नोटीस, वकीलपत्राची प्रत, पोटगी भरल्याची पावती, दरखास्तीची (आदेशाच्या अंमलबजावणीच्या अर्जाची) नोटीस, समुपदेशकाकडील तारखेची चिठ्ठी, यांपैकी कशावरही क्रमांक असतो. महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांत अर्जांना प्रकारानुसार अक्षरे देण्याची पद्धत आहे. ‘ए’ अर्ज म्हणजे एका पक्षाने केलेला घटस्फोट, नांदण्यास येणे व तत्सम वैवाहिक अर्ज. ‘डी’ म्हणजे मुलांचा ताबा व पालकत्व. ‘ई’ म्हणजे कलम १२५ (आता १४४) खालील पोटगी. आणि ‘एफ’ म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. त्यामुळे ‘क्रमांक २१४, साल २०१५’ एवढे सांगणे अपुरे ठरते, कारण त्याच सालात ‘ए’ २१४ आणि ‘ई’ २१४ ही दोन निराळी प्रकरणे असू शकतात.

कागद नसल्यास त्या वेळच्या वकिलांना विचारावे. वकील आपली तारीखवही आणि जुन्या फायली वर्षानुवर्षे जपून ठेवतात, आणि वकील हयात नसले तरी त्यांचे कार्यालय पुढे चालवणाऱ्या कनिष्ठ वकिलांकडे नोंद सापडते.

तिसरा मार्ग ई-कोर्ट्स सेवेचा आहे. तिच्या संकेतस्थळावर आणि विनामूल्य मोबाइल ॲपवर पक्षकाराच्या नावाने, वकिलाच्या नावाने, दाखल क्रमांकाने किंवा सीएनआर क्रमांकाने शोध घेता येतो. सीएनआर म्हणजे प्रत्येक प्रकरणाला देशभरात एकमेव असा १६ अक्षरांचा व अंकांचा क्रमांक असून त्यात राज्य, न्यायालय, अनुक्रम आणि साल गुंफलेले असतात. शोध घेताना राज्य महाराष्ट्र निवडल्यावर नाशिक जिल्ह्याच्या यादीत कुटुंब न्यायालय दिसले नाही, तर कुटुंब न्यायालयांची वेगळी नोंद यादीत पाहावी. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असे दोन पर्याय असतात. जुना निकाल शोधणारे अनेक जण ‘प्रलंबित’ तसेच ठेवतात आणि ‘काहीच सापडत नाही’ म्हणून थांबतात.

नावाच्या शोधात स्पेलिंग हा सर्वांत मोठा अडथळा असतो. संगणकात नावे बहुधा इंग्रजी लिपीत भरलेली असतात आणि एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. पत्नीचे नाव कधी सासरच्या, कधी माहेरच्या आडनावाने नोंदलेले असते. म्हणून पूर्ण नाव न टाकता केवळ पहिले नाव किंवा आडनावाची पहिली काही अक्षरे टाकून, साल बदलून शोध घ्यावा. जोडीदाराच्या नावानेही पाहावे. अर्जदार कोण होते याचा विसर पडलेला असणे अगदी स्वाभाविक आहे. फार जुनी प्रकरणे संगणकात नसतील तर कार्यालयातील नोंदवह्यांचाच आधार उरतो आणि त्यासाठी किमान निकालाचे साल सांगता आले पाहिजे. साल अजिबात आठवत नसेल, तर पुढच्या लग्नाची तारीख, मुलाचे त्या वेळचे वय किंवा नोकरीतील बदली अशा घटनांवरून दोन-तीन वर्षांचा पट्टा ठरवावा.

संकेतस्थळावर निकाल दिसतो. तो छापून दिला तर चालेल का?

माहितीपुरता चालेल. ज्या कार्यालयाला पुरावा हवा आहे त्याच्यासाठी नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ नुसार (पूर्वीच्या पुरावा कायद्यात कलम ७६) सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत ही संबंधित अधिकाऱ्याने ‘खरी नक्कल’ असे लिहून, तारीख, सही, हुद्दा व शिक्क्यासह द्यायची असते. छापील पानावर यातले काही नसते. शिवाय कौटुंबिक प्रकरणांतील निकाल पडद्यावर उघडलाच नाही, तर त्यावरून निकालच झालेला नाही असा अर्थ काढू नये.

नक्कल कोण मागू शकतो?

प्रकरणातील पक्षकार आणि त्यांचे वकीलपत्र असलेले वकील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नियम २० नुसार निकालपत्र व हुकूमनामा यांच्या प्रमाणित प्रती पक्षकारांना त्यांच्या खर्चाने मिळतात. यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुळात कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १३ नुसार कुटुंब न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क पक्षकाराला आपोआप मिळत नाही, त्यामुळे पक्षकाराने स्वतः अर्ज देणे येथे नवलाचे नाही. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. सोबत ओळखीचा पुरावा ठेवावा आणि विवाहानंतर नाव बदललेले असल्यास दोन्ही नावांचा दुवा जोडणारा एखादा कागदही बरोबर असू द्यावा.

मी पक्षकार नाही. होणाऱ्या जावयाच्या पहिल्या घटस्फोटाची खात्री करून घ्यायची आहे.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्याला सहसा आवडत नाही. त्रयस्थाला कौटुंबिक प्रकरणातील नक्कल हक्काने मिळत नाही. त्याने कारण नमूद करून, बहुधा प्रतिज्ञापत्रासह, अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ‘स्थळाची चौकशी’ हे कारण त्यासाठी दुबळे आहे. साधा मार्ग असा की हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल संबंधित व्यक्तीनेच काढून दाखवावी. ती त्याला सहज मिळते, आणि मागितल्यावर टाळाटाळ झाली तर त्यातून कळायचे ते कळते. नक्कल दाखवली गेली तर तिच्यावरील प्रकरण क्रमांक ई-कोर्ट्सवर टाकून ‘निकाली’ नोंद व तारीख जुळते का, हे कोणालाही पाहता येते.

त्यातही दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे हुकूमनामा घटस्फोटाचा आहे की न्यायिक फारकतीचा. न्यायिक फारकतीने विवाह संपत नाही. दुसरी म्हणजे अपिलाची मुदत. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १५ नुसार अपिलाचा हक्क नसेल, मुदत अपील न होता संपली असेल किंवा अपील फेटाळले गेले असेल, तेव्हाच पुनर्विवाह करता येतो. एकतर्फी हुकूमनामा असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज प्रलंबित नाही ना, हेही विचारावे.

मयत व्यक्तीच्या वारसांना नक्कल मिळते का?

निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी किंवा मालमत्तेच्या वादात ही गरज खरी असते, विशेषतः पहिल्या व दुसऱ्या विवाहातील मुलांमध्ये वाद असतो तेव्हा. वारसाने मृत्यू दाखला, नात्याचा पुरावा आणि नक्कल कोणत्या कामासाठी हवी आहे ते दर्शवणारे पत्र जोडून अर्ज करावा. संबंधित कार्यालयाने लेखी मागणी केली असेल तर ते पत्र सर्वांत उपयोगी पडते. त्या वादाचा दावा दुसऱ्या न्यायालयात चालू असेल, तर तेथील न्यायालयामार्फत कागदपत्रे मागवण्याचा मार्गही आहे. त्याबाबत त्या दाव्यातील वकिलांचा सल्ला घ्यावा.

नेमका कोणता कागद मागावा? निकालपत्र की हुकूमनामा?

शक्यतो दोन्ही. निकालपत्रात वादाची हकिकत, पुरावा आणि न्यायालयाची कारणे असतात. हुकूमनाम्यात कारणे नसतात, केवळ काय ठरले ते असते. विवाह नोंदणी कार्यालय किंवा बँक यांना बहुधा हुकूमनामा पुरतो. परदेशी दूतावास, अपील आणि दुसऱ्या न्यायालयातील दावा यांसाठी निकालपत्रही लागते. जेथे हुकूमनामा पुरेसा आहे तेथे निकालपत्र देऊ नये, असे आम्ही सुचवतो, कारण त्यात घरातले असे बरेच काही असते जे बँकेच्या कारकुनाने वाचण्याचे कारण नाही.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात एक गोष्ट हमखास राहून जाते. हुकूमनाम्यात बऱ्याचदा ‘तडजोडीच्या अटींनुसार’ एवढेच लिहिलेले असते आणि एकरकमी पोटगी, फ्लॅटचा हक्क, स्त्रीधन परत केल्याची नोंद, मुलाला भेटण्याचे दिवस हे सारे त्या अटींच्या वेगळ्या कागदात असते. अर्जात ‘तडजोडीच्या अटींसह हुकूमनामा’ असे लिहिले नाही तर हाती आलेल्या नक्कलेतून मुख्य गोष्टच गायब असते आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर निवाड्याची नक्कल मागावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते.

अंतरिम आदेश हवा असेल तर निशाणी क्रमांक सांगावा लागतो. प्रकरणात दाखल होणाऱ्या अर्जांना आणि कागदांना क्रमाने निशाणी मिळते. मूळ अर्ज निशाणी १ असतो आणि अंतरिम पोटगीचा किंवा ताब्याचा आदेश ज्या अर्जावर झाला, त्या अर्जाच्या निशाणीने तो ओळखला जातो. निशाणी ठाऊक नसेल तर आधी रोजनाम्याची नक्कल मागावी. प्रत्येक तारखेला काय घडले, कोण हजर होते, कोणता अर्ज मंजूर झाला, याची नोंद रोजनाम्यात असते. गुंतागुंतीच्या, अनेक वर्षे चाललेल्या प्रकरणात तर रोजनाम्यापासूनच सुरुवात करावी. त्यावर होणारा खर्च पुढे वाचतो.

अर्ज कसा लिहावा?

छापील नमुना उपलब्ध असेल तर तो भरावा. कोऱ्या कागदावर लिहायचा झाल्यास मजकूर साधारण असा असावा: ‘मा. कुटुंब न्यायालय, नाशिक यांचे न्यायालयात. अर्ज ए क्रमांक अमुक, साल अमुक. अर्जदार अमुक विरुद्ध जाबदार अमुक. मी वरील प्रकरणातील जाबदार असून दिनांक अमुक रोजी झालेल्या निकालपत्राची व हुकूमनाम्याची प्रत्येकी दोन प्रमाणित नकला मिळाव्यात, ही विनंती. कारण: विवाह नोंदणी.’ खाली पत्ता, मोबाइल क्रमांक, तारीख व सही. प्रकरण प्रलंबित आहे की निकाली, हे लिहिल्यास फाइल न्यायदालनात शोधायची की अभिलेख कक्षात, हे कर्मचाऱ्यांना लगेच कळते.

अर्जावर कोर्ट फी तिकीट लावावे लागते आणि नक्कलेचा खर्च पानांच्या संख्येवर अवलंबून असतो. दर खिडकीजवळ लावलेले नसतील तर विचारून घ्यावेत आणि भरलेल्या रकमेची पावती जपावी. तातडीची नक्कल मागता येते. तिचे शुल्क वेगळे असते आणि तातडीचे कारण खरे असावे. अर्ज दाखल झाल्यावर मिळणारा नक्कल अर्ज क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढची सगळी चौकशी त्याच क्रमांकावर होते, प्रकरणाच्या क्रमांकावर नाही.

नक्कल मोफत मिळते का?

काही प्रसंगी मिळते आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने विवाह संपुष्टात आला की त्या हुकूमनाम्याची एक प्रत प्रत्येक पक्षकाराला विनामूल्य देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. पोटगीचा आदेश ज्याच्या बाजूने झाला त्याला, किंवा त्याच्या पालकाला, आदेशाची प्रत विनामूल्य देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ मध्ये आहे. जुन्या संहितेत ती कलम १२८ मध्ये होती. कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम २४ मध्येही पक्षकारांना आदेशाची विनामूल्य प्रत देण्यास सांगितले आहे. ही पहिली प्रत नीट ठेवावी. ती हरवल्यानंतरच्या प्रतींसाठी शुल्क द्यावे लागते.

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विचारावे.

नक्कल मिळण्यास वेळ लागला आणि अपिलाची मुदत संपली तर?

नक्कल तयार होण्यासाठी लागलेला आवश्यक काळ मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ नुसार मुदतीतून वगळला जातो. म्हणूनच प्रमाणित नक्कलेवर अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली गेली, या तारखा लिहिलेल्या असतात. त्या तारखा दिसणारे पान झेरॉक्स काढताना वगळू नये. मात्र नक्कल तयार असूनही ती नेण्यास केलेला उशीर अर्जदाराच्या खाती जातो.

मुदत किती, याबाबत गोंधळ आहे. कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ मध्ये उच्च न्यायालयातील अपिलासाठी ३० दिवस आहेत, तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २८ मध्ये ९० दिवस. हिंदू विवाह अधिनियमाखालील हुकूमनाम्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवसांची मुदत मानली आहे. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. फौजदारी कायद्याखालील पोटगीच्या आदेशावरही अपील नसून पुनरीक्षणाचा मार्ग आहे. ज्याला अपील करायचे आहे त्याने ३० दिवसच आहेत असे धरून निकालाच्याच आठवड्यात नक्कलेचा अर्ज टाकावा, म्हणजे हा वाद अंगावर येत नाही.

माहितीच्या अधिकारात निकालाची प्रत मागता येईल का?

नाही. न्यायालयाच्या नियमांत नक्कल मिळवण्याची स्वतंत्र पद्धत असताना न्यायिक अभिलेखाच्या प्रती माहितीच्या अधिकाराखाली मागता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मधील निकालात स्पष्ट केले आहे.

समुपदेशकाचा अहवाल किंवा तेथे झालेल्या बोलण्याची नोंद मिळेल का?

अपेक्षा ठेवू नये. कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि समुपदेशकासमोर माणसे मोकळेपणी बोलतात ती हे बोलणे गोपनीय राहील या विश्वासावर. आपल्या बाजूने काही ‘कबुली’ तेथे दिली गेली होती आणि तिची नक्कल मिळाली तर दावा जिंकता येईल, असा हिशेब करणाऱ्यांनी तो सोडून द्यावा.

मिळालेली नक्कल नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली तर काय होते?

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार या कायद्याखालील कामकाज बंद दालनात चालते आणि त्यातील मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदेशीर असून त्यासाठी १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने छापणे एवढाच अपवाद आहे. दंडाची रक्कम आज क्षुल्लक वाटते. तरी ताब्याच्या किंवा पोटगीच्या प्रकरणात असा प्रकार समोरच्या पक्षाने न्यायाधीशांपुढे ठेवला, तर त्याचे पडसाद दंडापेक्षा जड ठरू शकतात.

‘रेकॉर्ड नष्ट झाले’ असे उत्तर मिळाले. आता काय करावे?

न्यायालयातील कागदपत्रे वर्गवारी करून ठेवली जातात आणि अभिलेख नाशन अधिनियम, १९१७ व त्याखालील नियमांनुसार ठरावीक काळानंतर त्यांतील काही भाग नष्ट करता येतो. मात्र प्रत्येक कागदाचा काळ सारखा नसतो. किरकोळ अर्ज, समन्सच्या प्रती अशा गोष्टी आधी जातात आणि निकालपत्र व हुकूमनामा बराच अधिक काळ जपले जातात. म्हणून ‘फाइल नष्ट’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नये. आपण मागितलेला विशिष्ट कागद नष्ट झाला आहे का, हे अर्जावरच लेखी शेऱ्याने मागावे. खरोखरच नष्ट झाला असेल तर तो शेरा आणि नोंदवहीतील निकालाच्या नोंदीचा उतारा, हे दोन कागद संबंधित कार्यालयापुढे ठेवता येतात. अपील झालेले असेल तर मूळ अभिलेख मुंबईला उच्च न्यायालयाकडे गेलेला असू शकतो; कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या क्षेत्रात नाशिक येत नाही, त्यामुळे चौकशी मुंबईतच करावी. जुन्या वकिलांच्या फायलीत आणि समोरच्या पक्षकाराकडेही प्रमाणित प्रत असू शकते, हेही विसरू नये.

लग्नाचा मूळ दाखला, फोटो, पावत्या न्यायालयात जमा आहेत. ते परत मिळतील का?

मिळतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३ नियम ९ नुसार प्रकरण संपल्यावर आणि अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपील निकाली निघाल्यावर मूळ दस्तऐवज परत मागता येतात. त्याआधी हवे असल्यास प्रमाणित प्रत जागेवर ठेवून आणि मागितल्यास मूळ पुन्हा हजर करण्याची हमी देऊन ते मिळू शकतात. हा अर्ज निकालानंतर लवकर करावा, वर्षानुवर्षे ठेवू नये.

आमची फारकत नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर झाली. तिची नक्कल कोणत्या न्यायालयात मिळेल?

कोणत्याच न्यायालयात मिळणार नाही, कारण न्यायालयात काही घडलेलेच नाही. सोडचिठ्ठी, काडीमोड, फारकत अशा नावांनी शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर लिहिलेले कागद आजही अनेक घरांत आढळतात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९(२) मध्ये रूढीने मिळालेला घटस्फोटाचा हक्क राखून ठेवलेला आहे हे खरे. परंतु आपल्या समाजात तशी रूढी प्राचीन व अखंड आहे, हे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो आणि नोटरीच्या शिक्क्याने तो भार हलका होत नाही. अशा कागदावर विसंबून पुनर्विवाह झाला असेल तर दुसऱ्या विवाहाची वैधता आणि पत्नीचा निवृत्तिवेतनाचा हक्क हे दोन्ही धोक्यात येतात. वैवाहिक दर्जा ठरवून मागण्याचा अर्ज कुटुंब न्यायालयात करता येतो; ते काम वकिलांच्या सल्ल्यानेच करावे.

वारस दाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला कुटुंब न्यायालयात मिळतो का?

नाही. वारस दाखला १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली आणि वारसा प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली दिवाणी न्यायालय देते. महापालिका हद्दीतील विवाह नोंदणीच्या दाखल्यासाठी नोंदणी ज्या विभागीय कार्यालयात झाली तेथे जावे: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर किंवा नाशिकरोड.

मी आता परगावी किंवा परदेशात राहतो. स्वतः यावे लागेल का?

नाशिकमधील वकिलांना वकीलपत्र पाठवून नक्कल काढता येते. जुन्या वकिलांचे वकीलपत्र त्या प्रकरणापुरतेच होते असे गृहीत धरून नवे पाठवणे सोयीचे. परदेशी कामासाठी नक्कल हवी असल्यास त्या देशाला अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून केलेले शासकीय प्रमाणीकरण) लागते का आणि मराठी निकालाचा कोणाकडून केलेला अनुवाद चालतो, हे आधी विचारून मगच नकलांची संख्या ठरवावी; अपोस्टिल मूळ प्रमाणित नक्कलेवर होते, तिच्या झेरॉक्सवर नाही.

नक्कलेत माझे नाव किंवा विवाहाची तारीख चुकली आहे. ती कार्यालयात दुरुस्त होईल का?

चूक नक्कल करताना झाली की मूळ निकालातच आहे, हे आधी पाहावे. नक्कलेपुरती चूक असेल तर मूळ कागदाशी ताडून नवी प्रत मिळते. मूळ हुकूमनाम्यातच लेखनदोष किंवा आकडेमोडीची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी कालमर्यादा नाही, आणि दुरुस्तीचा आदेश झाल्यावर जुन्या सर्व नकला बाजूला ठेवून दुरुस्त हुकूमनाम्याची नवी नक्कल घ्यावी.